लिब्रेऑफिस रायटर: वर्गणीदारांची यादी अखेर दोन सारख्या कॉलममध्ये!

नारायण पेठेतल्या आमच्या मंडळाचा गणपतीचा अहवाल गेले काही महिने रायटरमध्येच (वर्डसारखाच लिहायचा प्रोग्राम) करतोय. बाकी फीचर्स सगळ्यांना माहितीयेत, मी फक्त कॉलमवर लिहिणारे.

वर्गणीदारांची यादी दोन कॉलममध्ये टाकली की डावा कॉलम पार तळापर्यंत भरायचा, उजवीकडे वरती चार नावं आणि खाली सगळं कोरं, शिवाय जमाखर्च ढकलला जायचा पुढच्या पानावर. मधे पिना मारलेलं पुस्तक म्हणजे पानं चारच्या पटीत, त्यामुळे एक पान वाढलं की चार पानांचा खर्च. अप्पा बळवंत चौकातला डीटीपीवाला दर दुरुस्तीला वेगळे पैसे लावतो आणि वर्गणी तर छपाईच्या आदल्या रात्रीपर्यंत येत असते!

तर यादी सिलेक्ट करा, फॉरमॅटमधून कॉलम्स उघडा, अप्लाय टू मध्ये सिलेक्शन आहे ना ते बघा, आणि 'इव्हनली डिस्ट्रिब्युट कन्टेन्ट्स टू ऑल कॉलम्स' ला टिक हवी. बस. मधे कुठेही नाव घाला, दोन्ही कॉलम आपापले सारखे होतात आणि लगेच खाली जमाखर्च सुरू. पण काहीच सिलेक्ट न करता कॉलम केले तर ते अख्ख्या पानाला लागतात आणि तिथे ही टिक चालतच नाही, याचा मला अजूनही राग येतो, कारण नवीन माणूस नेमका तसाच करणार.

अध्यक्षांच्या मनोगतात मात्र एका ओळीचा फरक राहायचा, तेव्हा वाटलं ही टिक अर्धवटच आहे. आता तसं वाटत नाही. पॅराग्राफच्या टेक्स्ट फ्लोमध्ये ऑर्फन आणि विडो कंट्रोल (पॅरा तुटताना त्याची एकटी ओळ कॉलमच्या तळाला किंवा माथ्याला राहू न देणारी सोय) दोन-दोन ओळींवर असतं, मग तीन ओळींचा पॅरा कुठेच तुटू शकत नाही, अख्खा एका बाजूला जातो. तेवढ्या पॅराचं ते काढलं की जुळतं. शेवटचे रिकामे एंटर पण उडवा, त्यांचीही ओळ मोजली जाते.

वर्डमध्येही होतं हे, मजकुराच्या शेवटी कन्टिन्युअस सेक्शन ब्रेक टाकावा लागतो. पण वर्षातून एका अहवालासाठी मंडळाच्या पैशातून सबस्क्रिप्शन भरायला मी तयार नाही, हे फुकट आहे आणि काम चोख करतं. प्रेसला पीडीएफच द्या, मूळ फाइल नको.