पीएचडीसाठी काय घ्यावं: कृष्णविवरं की पर्यायी गुरुत्व सिद्धांत?

गुरुत्वाकर्षणाच्या सैद्धांतिक संशोधनात शिरू पाहणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत प्रमाण मानून कृष्णविवरांवर काम करायचं, किंवा त्या सिद्धांतालाच हात घालायचा. पहिली वाट सुरक्षित आणि दुसरी धाडसी, असं सरसकट सांगितलं जातं. माझ्या मते खरा फरक रोजच्या कामात आहे.

कृष्णविवरांच्या बाजूला पाया तयार मिळतो. रॉय केर या गणितज्ञाने १९६३ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांना दिलेल्या उत्तरात फिरत्या कृष्णविवराचं वर्णन वस्तुमान आणि कोनीय संवेग या दोन राशींत संपतं. ते किंचित हललं तर काय होईल, हे ट्युकॉल्स्कीच्या १९७३ च्या समीकरणातून काढता येतं. त्या समीकरणाचे त्रिज्येचा आणि कोनाचा असे दोन भाग सुटे होतात, त्यामुळे चार चलांचं अवजड गणित साध्या विकलक समीकरणांवर येतं. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं, की डिवचलेलं कृष्णविवर घंटेसारखं ठरावीक कंपनांत वाजतं आणि विझत जातं. आज गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या नोंदींत हीच कंपनं शोधली जातात. उणी बाजू म्हणजे गर्दी. सोपे प्रश्न सुटलेत. कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची नाहीशी होते का, या कोड्यासारखे उरलेले प्रश्न हॉकिंगपासून भल्याभल्यांना दमवत आलेत.

पर्यायी सिद्धांतांकडे वळण्याआधी लव्हलॉकचं १९७१ चं प्रमेय नीट समजून घ्यावं. चार मिती, एकटं मेट्रिक (अवकाश-काळातली अंतरं सांगणारी राशी) आणि दुसऱ्या क्रमाची, म्हणजे दुसऱ्या विकलजापर्यंतची, समीकरणं एवढ्यावर भागवायचं ठरवलं, तर आइनस्टाइनची समीकरणंच हाती येतात, फार तर वैश्विक स्थिरांकासह. म्हणजे काहीतरी सोडावं लागतं: नवं अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला एकच संख्या देणारं) आणा, मिती वाढवा किंवा क्रम वाढवा. क्रम वाढवला की बहुधा ओस्त्रोग्राद्स्कीची अस्थिरता मागे लागते आणि ऊर्जेला तळच उरत नाही.

शिवाय निरीक्षणांची टांगती तलवार आहेच. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आल्या आणि सुमारे १.७ सेकंदांनी गॅमा किरण. दोघांचा प्रवास जवळपास १३ कोटी वर्षांचा! लहरींचा वेग प्रकाशाइतकाच निघाला आणि कृष्णऊर्जेचं, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगावतं कशाने याचं, कोडं सोडवायला बांधलेली हॉर्नडेस्की वर्गातली (अदिश क्षेत्र आणूनही दुसऱ्या क्रमावर थांबणारी) कितीतरी मॉडेलं निकालात निघाली. त्यावर अर्धी पीएचडी झालेल्यांची मी कल्पनाच करतो.

सिद्धांत बदलला म्हणून कृष्णविवर बदलतंच असंही नाही. अदिश क्षेत्र जोडणाऱ्या ब्रान्स-डिकी सिद्धांतातली स्थिरावलेली कृष्णविवरं आइनस्टाइनच्या सिद्धांतातलीच असतात, हे हॉकिंगने १९७२ मध्ये सिद्ध केलं. वेगळी कृष्णविवरं हवी असतील तर अदिश क्षेत्राला वक्रतेच्या एका विशिष्ट पदाशी जोडणारा अदिश गाउस-बॉने सिद्धांत पाहावा. तिथे कृष्णविवराभोवती अदिश क्षेत्र खरोखर टिकतं. पण केरसारखं आटोपशीर सूत्र तिथे नाही. फिरणं संथ मानून श्रेणी मांडा, नाहीतर संगणकाला जुंपा. टकरीचं अनुकरण करायचं तर समीकरणं मुळात सुस्थित आहेत का, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीवरून पुढचं एकच, भरवशाचं उत्तर देतात का, इथून सुरुवात. कोव्हाच आणि रिअल यांनी २०२० मध्ये अदिश क्षेत्र आणि वक्रता यांची जोडणी दुर्बल असेल तेवढ्यापुरती ती अडचण दूर केली. सध्या या बाजूला करण्याजोगं काम सर्वांत जास्त इथेच आहे.

एफ(आर) सिद्धांतात, म्हणजे आइनस्टाइनच्या वक्रतेच्या (आर) जागी तिचं फलन घेणाऱ्या सिद्धांतात, मनाला येईल ते फलन घ्या, आलेख काढा, पेपर छापा, हा प्रकार मात्र टाळावा. गाइडला पहिल्याच भेटीत विचारावं: कोणतं निरीक्षण आलं तर हे मॉडेल बाद होईल?

स्वच्छ गणित आवडत असेल तर कृष्णविवरं घ्या. अंदाजी श्रेणी आणि लांबलचक प्रोग्रॅम यांचा कंटाळा नसेल तर दुसरी बाजू. पहिलं वर्ष मात्र दोन्हींकडे केरच्या क्षोभांवरच, म्हणजे केरच्या कृष्णविवराच्या किंचित हलण्यावरच, घालवावं. निव्वळ कृष्णविवराच्या सावलीवर (चित्रात मधे दिसणाऱ्या काळ्या भागावर) प्रबंध बेतू नये: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रातलं कडं तप्त प्लाझ्माच्या उजेडाचं आहे, आणि त्या प्लाझ्माबद्दलची अनिश्चितता अनेक पर्यायी सिद्धांतांनी वर्तवलेल्या फरकाला सहज गिळून टाकते.