कराडातलं रद्दीचं दुकान आणि एका गायब मतदारसंघाची डायरी : साडेतीन स्टार

पाचपैकी साडेतीन देतोय. एक स्टार वजनकाट्याचा कापला आणि अर्धा धुळीचा, कारण तिथनं आल्यावर दोन दिवस नुसता शिंकत होतो.

दुकानाला पाटी नाही त्यामुळं नाव विचारू नका. दत्त चौकातनं आत पेठेत शिरलं की गल्लीत एक शटर कायम अर्धं खाली ओढलेलं दिसतं, तेच. वाकून आत जायचं. डाव्या हाताला शाळेची पुस्तकं, उजव्या हाताला पेपरचे गठ्ठे, आणि मागं एक लाकडी फळी आहे तिथं दुकानवाले काका ‘वेगळा माल’ ठेवतात. वेगळा माल म्हणजे जुन्या डायऱ्या, पत्रिका, लग्नाचे अल्बम (लोक अल्बम पण विकतात राव, कमाल आहे), इलेक्शनची पत्रकं वगैरे. २०१९ च्या पुरात खालच्या दोन फळ्या भिजल्या, तिथला माल अजून तसाच चिकटून बसलाय, ओढायला गेलं की पापुद्रा निघतो. काका म्हणाले वाळला की सुटेल. सहा वर्षं वाळतोयच.

मी गेलो का, तर मामाशी पैज लागली म्हणून. मामा कराड तालुक्यातला, आम्ही वाळवा तालुक्यातले. जेवताना विषय निघाला आणि मामा म्हणाला, “यशवंतराव चव्हाण म्हणजे आमच्या कराडचे खासदार.” मी म्हटलं मामा, कराडचे आमदार म्हण, कराडचा माणूस म्हण, प्रीतिसंगमावर समाधी आहे ते पण म्हण, पण कराडचे खासदार ते कधीच नव्हते. मामा तापला. “तू मला शिकवतो व्हय?” शेवटी एक किलो कंदी पेढ्यांवर पैज लागली.

आता ही चूक एकट्या मामाची नाही, निम्म्या जिल्ह्याची आहे. यशवंतराव दिल्लीला गेले संरक्षणमंत्री म्हणून १९६२ ला, मग लोकसभेत आले ते १९६३ ला नाशिकमधनं, ते पण बिनविरोध. नंतर १९६७, १९७१, १९७७, १९८० हे चारही वेळा साताऱ्यातनं. त्याच काळात कराड हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता आणि त्याचे खासदार भलतेच होते. म्हणजे चव्हाणच होते, पण दुसरे चव्हाण! इथंच सगळा घोळ होतो. दाजीसाहेब चव्हाण हे पाटणकडच्या कुंभारगावचे, आणि यशवंतराव जन्माने देवराष्ट्रेचे. घराणी वेगळी. पुण्यामुंबईचे लोक तर दाजीसाहेबांच्या मुलाला, पृथ्वीराज बाबांना, बिनधास्त यशवंतरावांचा पुतण्या करून टाकतात.

तर काकांना सांगितलं, कराड लोकसभेचं जुनं काही असलं तर बघा. काकांनी एकदा माझ्याकडं असं बघितलं की मी पोलीस आहे का काय. मग म्हणाले, “ती कवाच गेली की. आता काय करायचं तिचं?” पण उठले, स्टुलावर चढले, आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा खाली टाकला. धूळ अशी उडाली की पलीकडच्या टेलरनं पण शिव्या दिल्या.

गठ्ठ्यात काय होतं ते सांगतो कारण रिव्ह्यूचा खरा माल हाच आहे. गाय-वासराचं चित्र असलेलं एक पत्रक, घडीवर फाटलेलं. एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर पण गाय-वासरू, मागची टाचणी गंजून मोडलेली. काँग्रेसची आधी बैलजोडी, फुटीनंतर इंदिरा गांधींकडं गाय-वासरू आणि १९७८ च्या फुटीनंतर पंजा, त्यामुळं बिल्ला १९७१ ते १९७७ मधला असणार एवढं कळलं. आणि एक डायरी. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, कुणा प्राथमिक शिक्षकाची. नाव लिहीत नाही, घरचे असतील कुणी. मास्तर नोकरीला लागल्यापासनं इलेक्शन ड्युटी करत होते आणि प्रत्येक निवडणुकीला दोनचार ओळी खरडून ठेवायचे.

१९५७ ला लिहिलंय, “प्रत्येक उमेदवारास स्वतंत्र पेटी. लोक पेटीस नमस्कार करतात.” एवढंच. मी ते वाचून तिथंच स्टुलावर बसलो. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती ना, ज्याला मत द्यायचं त्याच्या चिन्हाच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची. शिक्का आला १९६२ ला, तिथं मास्तरांनी लिहिलंय, “आता पेटी एकच. समजावून सांगताना घसा बसला.” १९५७ ची निवडणूक म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची हवा, आमच्या भागात काँग्रेसची पार दाणादाण. शेजारी साताऱ्यातनं क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडनं लोकसभेवर गेले ते ह्याच निवडणुकीत. आमच्या वाळव्याच्या येडेमच्छिंद्रचा माणूस आणि खासदार साताऱ्याचा. दाजीसाहेबांचं राजकारण पण शेकापमधनंच (शेतकरी कामगार पक्ष) सुरू झालं, काँग्रेस नंतर.

मागच्या पानावर मास्तरांनी यादी केलीय, फाउंटन पेननं, पट्टीनं रेघा मारून. १९५७, ६२, ६७, ७१ दाजीसाहेब. १९७३ ला ते गेले, पोटनिवडणूक, प्रेमलाकाकी (दाजीसाहेबांच्या पत्नी). १९७७ काकी. १९८० ला एक नाव मध्येच. मग ८४, ८९ परत काकी. १९९१, ९६, ९८ पृथ्वीराज. पोटनिवडणूक धरून एकूण १४ निवडणुका आणि त्यातल्या ११ एकाच घरात. वडील, आई, मुलगा. आता लोक घराणेशाहीवर तासतास बोलतात, पण त्या घरातल्या आईनं पण तिकीट घेऊन चारदा सीट काढली हे कुणी फारसं सांगत नाही, माझ्या मते त्या तिघांत सगळ्यात दुर्लक्षित काकीच आहेत.

आणि १९८० ची ओळ. इथं पैज अडकली. मास्तरांनी आडनावच लिहिलं नाही! फक्त “१९८० यशवंतराव (पंजा)”. फोटो काढून मामाला पाठवला ही माझी चूक. तिसऱ्या मिनिटाला फोन. “बघ! यशवंतराव! पेढे कुठल्या दुकानातनं आणतोयस?”

मी दुकानातच उभा राहून मामाला समजावत होतो आणि काका, टेलर, आणि रद्दी द्यायला आलेली एक बाई असे तिघं ऐकत होते. म्हटलं मामा, कंस वाच. पंजा. १९८० ला पंजा इंदिरा काँग्रेसचा. यशवंतराव चव्हाण तेव्हा इंदिराबाईंच्या विरुद्धच्या काँग्रेसमध्ये होते, आणि त्या वेळी सगळीकडं इंदिरा लाट असताना ते साताऱ्यातनं निवडून आले. मग कराडात पंजावर यशवंतराव कोण? टेलरनं मशीन थांबवलं आणि म्हणाला, “रेठऱ्याचे भाऊ!” बरोबर. यशवंतराव मोहिते. कृष्णा कारखानावाले. म्हणजे १९८० ला सातारा जिल्ह्यातनं दोन यशवंतराव लोकसभेत गेले, एकमेकांच्या विरुद्ध पक्षातनं, आणि कराडकरांच्या डोक्यात त्याचा एकच यशवंतराव झाला. प्रेमलाकाकी त्या वेळी राज्यसभेवर गेल्या आणि १९८४ ला परत कराडातनं लोकसभेत.

मामा गप्प. मग म्हणाला नेटवर्क जातंय.

यादीत पुढं १९९९ आहे आणि तिथं मास्तरांचं अक्षर जरा थरथरलेलं आहे, वयानं असेल. शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली जून १९९९ ला आणि सप्टेंबरमध्ये लोकसभा. पृथ्वीराज काँग्रेसमध्येच राहिले आणि मारुल हवेलीच्या श्रीनिवास पाटलांनी घड्याळावर त्यांना पाडलं. कलेक्टरची नोकरी सोडून आलेला माणूस, पवारांचा कॉलेजचा दोस्त. आमच्या घरी त्या वर्षी चुलते आणि वडील दोन महिने बोलत नव्हते, सोसायटी एकाच्या ताब्यात आणि डेअरी दुसऱ्याच्या. २००४ ला परत श्रीनिवास पाटील. त्याखाली मास्तरांनी लिहिलंय, “यंत्रावर मतदान. शाई तीच.” आणि मग पूर्ण पानभर आडवी रेघ, खाली दोन शब्द: “मतदारसंघ रद्द.”

२००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मोडली. कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण गेले साताऱ्यात. आमचा वाळवा आणि शिराळा, म्हणजे सांगली जिल्ह्यातली बाजू, गेली कोल्हापूरकडच्या हातकणंगल्यात. आईचं माहेर आणि सासर बसनं पाऊण तासावर, तरी २००९ पासनं मामा मत देतो साताऱ्याला आणि आम्ही हातकणंगल्याला. मामाकडं उदयनराजे निवडून आले तेव्हा आमच्याकडं राजू शेट्टी. ऊस दोघांचा सारखाच, दराची भांडणं सारखीच, कारखाने बघाल तर एकमेकांच्या हद्दीत घुसलेले, पण खासदार वेगळा. पूर्वी मामा आणि वडील एकाच उमेदवारावरनं भांडायचे, त्यात काहीतरी मजा होती, आता दोघं आपापल्या खासदाराला वेगवेगळ्या शिव्या देतात.

मामाचं म्हणणं मात्र वेगळं, तो म्हणतो कराड मेलेलं नाही. कारण २०१९ ला उदयनराजे राजीनामा देऊन भाजपात गेले, ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली, पवारांची ती पावसातली सभा झाली आणि निवडून कोण आलं तर परत श्रीनिवास पाटील, कराडचे शेवटचे खासदार. सिक्कीमचं राज्यपालपद करून आल्यावर. ह्या मुद्द्यावर मामाला पूर्ण मार्क.

आता परत दुकानावर. गठ्ठ्याचे काकांनी सांगितले ३५० रुपये. मी म्हटलं रद्दी किलोवर असते, हा गठ्ठा दीड किलो पण नाही. काका शांतपणे म्हणाले, “रद्दी किलोवर. हे इलेक्शन हाय.” २०० ला दिला, बिल्ला वरनं फुकट. क्यूआर कोड भिंतीला लावलाय पण तो मुलाच्या नावाचा आहे आणि मुलाचं आणि काकांचं सध्या जमत नाही, तेव्हा रोख न्या.

तक्रार एकच पण मोठी. घरची रद्दी मी बरोबर नेलेली, घरी मोजून १८ किलो. काकांच्या काट्यावर साडेपंधरा. विचारलं तर म्हणाले, “घरचे काटे बायका माणसांच्या वजनाचे, त्यावर रद्दी मोजायची नसती.” ह्याला काय उत्तर द्यायचं? अडीच किलो कुठं गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही. माल घ्यायला नक्की जा, माल द्यायला दुसरीकडं. अकराच्या आत गेलात तर काका चहा पण सांगतात, नंतर गर्दी असते. गाडी गल्लीत घालू नका, निघत नाही.

पैजेचं म्हणाल तर मामा गेल्या रविवारी आला. पेढे आणले, पण अर्धा किलो. म्हणाला नाव तर यशवंतरावच होतं ना, मग अर्धं बरोबर माझं. आईनं त्याचीच बाजू घेतली, बहीण आहे शेवटी.

परवा काकांचा फोन आला, इचलकरंजीकडचं एक पोतं आलंय म्हणे, ‘इलेक्शनचं’. ती लोकसभा पण २००८ लाच मोडली. शनिवारी जाणार आहे, ह्यावेळी तोंडाला बांधायला रुमाल घेऊन.