ब्रेक पॅड: सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक?
इंदुरात राजवाडा ते रामबाग एवढीच धाव असेल, तर सिरॅमिक पॅड घ्या. आवाज नाही, अलॉय चाकांवर काळी धूळही कमी.

पण भेरूघाट उतरताना माझ्या गाडीचं ब्रेक पेडल घट्ट होतं, तरी ती थांबेना. वर जळका वास. पॅड तापून पकड सुटली होती. सेमी-मेटॅलिकमध्ये धातू साधारण 30 ते 65 टक्के, त्यामुळे ते ताप सोसतात. बदल्यात कुईकुई आणि पॅड ज्यावर घासतात त्या डिस्कची जास्त झीज. मी तेच लावले, बायको म्हणते, "गल्लीत शिरलात की कळतं!"

पेडलच मऊ पडत असेल, तर आधी ब्रेक ऑइल बघा. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 230पर्यंत. जुन्यात पाणी मुरतं आणि ते लवकर उकळतं, मग कुठलेही पॅड लावा, उपयोग नाही.