सांगाड्यावरून उंची: बेरीज, सूत्र की नुसता गुणाकार?

सांगाडा समोर आहे आणि त्या माणसाची हयातीतली उंची सांगायची आहे. कवटीपासून टाचेपर्यंतची हाडे मोजून बेरीज करता येते, एखाद्या लांब हाडाला रिग्रेशनचे, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या माणसांच्या मोजमापांवरून बसवलेले, सूत्र लावता येते, नाहीतर मांडीच्या हाडाची लांबी सरळ एका आकड्याने गुणता येते.

गुणाकाराचा निकाल आधी लावू. मांडीचे हाड, म्हणजे फीमर, उंचीच्या सरासरी 26.74 टक्के असते, असे फेल्ड्समन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडले. म्हणजे लांबीला 3.74 ने गुणायचे. 45 सेंमीच्या हाडाला उत्तर येते 168.3. ट्रॉटर आणि ग्लेसर यांचे गोऱ्या अमेरिकन पुरुषांसाठीचे 1952 चे सूत्र (2.38 × लांबी + 61.41) त्याच हाडाला 168.5 देते. मग सूत्राची कटकट कशाला? आता 38 सेंमीचे हाड घ्या. गुणाकार म्हणतो 142, सूत्र म्हणते 152. हाड 52 सेंमीचे असेल तर गुणाकार 194 वर जातो आणि सूत्र 185 वरच थांबते. मधल्या उंचीला दोन्ही जुळतात, टोकाला दहा-दहा सेंटिमीटरची तफावत पडते. सूत्रही निर्दोष नाही. ते सगळ्यांना सरासरीकडे ओढते, त्यामुळे फार उंच माणूस थोडा बुटका ठरतो आणि बुटका थोडा उंच. तरीही लिंग, वंश काहीच कळत नसेल आणि हाड मध्यम लांबीचे असेल, एवढ्याच वेळी मी गुणाकार करेन.

खरी निवड बेरीज आणि सूत्र यांच्यात आहे.

सूत्राचा मोठा फायदा म्हणजे एक अख्खे हाड पुरते. पण ते हाड कोणाचे, हे आधी ठरवावे लागते. 45 सेंमीच्या त्याच फीमरला गोऱ्या स्त्रियांचे सूत्र 165 च्या आसपास उत्तर देते. म्हणून आधी ओटीपोटाच्या हाडांवरून लिंग, मग सूत्र. ज्या लोकसमूहावरून सूत्र बनले, त्याच्या शरीराची ठेवण वेगळी असेल तर उत्तरही घसरते. हाड कोणते, यानेही फरक पडतो: फीमरच्या सूत्राची प्रमाण त्रुटी ±3.27 सेंमी, फीमर आणि नडगी मिळून ±2.99, दंडाच्या हाडाची ±4.05, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांची त्याहून जास्त. तीन हाडांनी तीन उत्तरे दिली तर त्यांची सरासरी काढण्याचा मोह आवरा. सर्वांत कमी त्रुटीचे उत्तर घ्या.

हा ± पुष्कळांना फसवतो. ±3.27 च्या आत साधारण तीनांपैकी दोनच माणसे बसतात. 95 टक्क्यांची खात्री हवी तर पट्टा दुप्पट, म्हणजे ±6.5, करावा लागतो: 45 सेंमीच्या हाडाला साधारण 162 ते 175. तपास अधिकाऱ्याला नुसते ‘168 सेंमी’ लिहून दिले, की 173 सेंमीचा बेपत्ता माणूस यादीतून आपोआप गळतो. माझ्या मते बरोबर पण रुंद पट्टा हा अरुंद आणि चुकीच्या पट्ट्यापेक्षा केव्हाही बरा.

नडगीच्या हाडाबद्दल एक खबरदारी. ट्रॉटर यांनी मोजताना घोट्याकडचा खाली आलेला उंचवटा वगळला होता, पण पद्धतीच्या वर्णनात तो धरल्याचे लिहिले होते. जँट्झ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ही विसंगती उघड केली. वर्णनाप्रमाणे मोजले तर सेंटिमीटरभराची ती वाढ सूत्रात अडीचपट होऊन उत्तरात उतरते.

बेरजेची पद्धत फ्रेंच डॉक्टर जॉर्ज फुली यांनी 1956 मध्ये मांडली. माउथाउझेनच्या नाझी छळछावणीतल्या मृतांची ओळख पटवण्याच्या कामातून ती आली. कवटीची उंची, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या) पहिल्या मणक्यापर्यंत प्रत्येकाची उंची, फीमर, नडगी, आणि घोट्याचे व टाचेचे हाड जोडून येणारी उंची, या सगळ्यांची बेरीज करायची. त्यात कूर्चा, त्वचा वगैरेंसाठी 10 ते 11.5 सेंमी मिळवायचे. रॅक्स्टर, ऑरबाख आणि रफ यांनी 2006 मध्ये दाखवले, की हे उत्तर सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास कमी येते. त्यांच्या सुधारित समीकरणात वयही धरलेले आहे, आणि त्यांच्या नमुन्यातल्या 95 टक्के व्यक्तींची उंची 4.5 सेंमीच्या आत आली. सूत्राच्या साडेसहाशी तुलना करा. शिवाय लिंग किंवा वंश ठाऊक असण्याची अट नाही, आणि कमरेत एक मणका जास्त निघाला तर तोही आपसूक मोजला जातो. अडचण एवढीच, की सगळे मणके शाबूत हवेत. एखादा नसला तर शेजारच्या दोघांवरून अंदाज बांधता येतो. पाचसहा नसले तर ती बेरीज उरत नाही.

वाकलेला कणा मात्र दोन्ही पद्धतींना दिसत नाही. 2012 मध्ये लेस्टरला सापडलेल्या, इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डची उंची हाडांवरून सुमारे 174 सेंमी भरते, पण कणा बाजूला वळलेला असल्याने तो प्रत्यक्षात त्याहून ठेंगणा दिसत असणार.

ओळख पटवायची असेल आणि सांगाडा पूर्ण असेल, तर वेळ काढून बेरीजच करा. अपुरा असेल तर फीमर आणि नडगीचे एकत्रित सूत्र. ज्या कागदावरच्या उंचीशी ताडून पाहायचे आहे, ती बहुधा माणसाने स्वतःच सांगितलेली असते आणि लोक उंची थोडी वाढवूनच सांगतात, हेही धरून चाला. प्राचीन दफनभूमीत बरेच सांगाडे मिळाले असतील तर दोन्हींची सांगड उत्तम: पूर्ण सांगाड्यांवर बेरीज करून त्या समूहाचे स्वतःचे सूत्र बनवा आणि अपुऱ्यांना ते लावा.

हाडांची टोके अजून जुळलेली नसतील, म्हणजे मूल किंवा किशोर असेल, तर वरचे काहीच लागू होत नाही. त्यासाठी वयानुसार वेगळी सूत्रे आहेत, आणि आधी दातांवरून वय ठरवावे लागते.