पुणे रेसिडेन्सी की हेजाझचं सोनं: प्रबंधाला कुठला विषय घ्यावा?

माझी भाची यंदा एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन, आणि तिला प्रबंध करायचाय तो इंग्रजांनी बातम्या काढायला आणि तिथल्याच वजनदार लोकांना आपल्याकडे वळवायला पैसा कसा वापरला यावर. तिच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, पुण्याची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्याच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज वकिलाची, रेसिडेंटची, कचेरी; त्यातही एल्फिन्स्टन रेसिडेंट होता तो काळ, 1811 ते 1818. दुसरा, पहिल्या महायुद्धातला अरबस्तान, म्हणजे मक्केचा, पश्चिमेकडच्या हेजाझचा शरीफ (अमीर) हुसेन आणि मधल्या वाळवंटातल्या नज्दचा अमीर इब्न सौद. आठवडाभर फोनवर आमचं हेच चाललंय, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढावं, अजून कोणी याच पेचात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी अरबस्तान, कारण पहिल्या नजरेत तोच विषय भुरळ घालतो. आकडेच असे आहेत. जून 1916 मध्ये हुसेनने तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं आणि त्याला महिन्याला 1,25,000 पौंड मिळायला लागले, पुढे तर याहूनही जास्त. एका पौंडाचं सोन्याचं नाणं साधारण 8 ग्रॅमचं, म्हणजे हे सगळे पैसे सोन्यात दिले असं धरलं तर महिन्याला जवळजवळ एक टन सोनं! आणि बरंचसं खरंच सोन्यातच द्यावं लागायचं, कारण वाळवंटातल्या टोळीवाल्याला कागदी नोट दाखवून उपयोग नव्हता, त्याला हातात वजन लागायचं. त्याच वेळी तिकडे पूर्वेला इब्न सौदला किती मिळत होते, तर 1917 पासून महिन्याला 5,000 पौंड. पंचवीस पट फरक, आणि देणारं साम्राज्य एकच.

हा फरक का, तर देणारी कार्यालयं दोन होती. हुसेनचा कारभार कैरोहून चालायचा, तिथे 1916 च्या सुरुवातीला अरब ब्युरो हे इंग्रजांचं बातम्यांचं खातं उघडलं, क्लेटन, होगार्थ, लॉरेन्स ही सगळी अधिकारी मंडळी तिथली. इब्न सौद मात्र हिंदुस्थान सरकारच्या खात्यात, त्याच्याशी डिसेंबर 1915 चा दारीनचा तह केला तो पर्सी कॉक्सने, आखाताच्या रेसिडेंटने. आणि हे आखाताचं खातं मुळात आपल्या मुंबईचं बरं का, बुशहरची रेसिडेन्सी 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, आखातात रुपयाच चालायचा. दिल्ली सिमल्याच्या अधिकाऱ्यांना हुसेनचं बंड अजिबात नको होतं, खलिफाविरुद्ध बंडाला आपण पैसा पुरवला तर इथला मुसलमान बिथरेल ही त्यांची भीती. म्हणजे एकाच सरकारचे दोन हात दोन वेगवेगळ्या माणसांना पोसत होते, आणि मे 1919 मध्ये हेजाझ आणि नज्दच्या सीमेवरच्या तुरबाला काय झालं तर इब्न सौदच्या माणसांनी हुसेनच्या मुलाची, अब्दुल्लाची, अख्खी फौज रात्रीत कापून काढली. दोन्ही बाजूंच्या अंगावर पैसा लंडनचाच. भाचीला मी म्हटलं, तू हा विषय घेतलास तर प्रबंध तुरबापासून सुरू कर, तहांच्या कलमांपासून करू नकोस.

याला आपल्या घरातला एक धागाही आहे आणि तो फारसा कोणी काढत नाही. एप्रिल 1916 मध्ये इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात इंग्रज सेनापती टाउनशेंडची फौज उपाशी मरत होती, त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्या सातारा रत्नागिरीकडची पोरं. त्यांना सोडवायला लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट तुर्की सेनापती खलील पाशाकडे पैसे घेऊन बोलणी करायला गेले, आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. त्याने नाही म्हटलं, 29 एप्रिलला कूत पडलं आणि ती पोरं कैदेत गेली, कितीतरी परत आलीच नाहीत. गुप्त पैशावर लिहिताना त्याने काय विकत घेता आलं हे सगळे लिहितात, काय घेता आलं नाही हेही लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पुणे. इथे एक टन सोनं वगैरे नाही, आणि म्हणूनच विषय खोल आहे. पहिली गोष्ट म्हणजे पैसा कोणाचा? 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात बाजीरावाने तैनाती फौजेसाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. म्हणजे ज्या फौजेच्या जोरावर रेसिडेंट पुण्यात बसून हुकूम सोडायचा ती पेशव्याच्याच मुलखाच्या वसुलावर जगत होती. अरबस्तानात इंग्रजांनी खिशातून दिले, इथे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच काढले.

दुसरं म्हणजे इथे माणसं दिसतात. खुश्रूशेट मोदीच घ्या. रेसिडेन्सीत पेशव्याशी बोलणी करणारा हा पारशी गृहस्थ, बाजीरावाला काय म्हणायचंय ते याच्या तोंडून साहेबाला कळायचं. मग बाजीरावानेच त्याला कर्नाटकची सरसुभेदारी दिली. आता हा नोकर कोणाचा? एल्फिन्स्टनने सांगितलं की दोन्हीपैकी एक सोड, त्याने सरसुभेदारी सोडली, तरी संशय काही सुटला नाही, रेसिडेन्सीतलं कामही गेलं, आणि 1815 मध्ये विषाने तो मेला. त्याच वर्षी आषाढात पंढरपूरला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून, बडोद्याचे वकील, कंपनीच्या हमीवर पुण्याला आलेले. आळ बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर आला, त्याला ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं, तिथून तो 1816 च्या सप्टेंबरात निसटला, आणि निरोप म्हणे खाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाण्यातून द्यायचा, गोऱ्या पहारेकऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं. रेसिडेन्सीची बातमीयंत्रणा एवढी पक्की, पण तुरुंगाच्या भिंतीखाली चाललेलं गाणं तिला ऐकू आलं नाही, कारण पहाऱ्यावर मराठी समजणारं कोणी नव्हतं. या एका प्रसंगावर एक प्रकरण होईल.

आणि मग बाळाजीपंत नातू, यशवंतराव घोरपडे. बाजीराव कंपनीच्या शिपायांना फितवायला पैसे वाटतोय ही बातमी एल्फिन्स्टनपर्यंत अशाच माणसांकडून गेली. नातूंचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच शनिवारवाड्यावरचा झेंडा आणि शिव्या सुरू होतात, आणि तो राग मी समजू शकतो, मलाही येतो. पण प्रबंधात रागाने भागत नाही, कोणाला काय मिळालं, कधी मिळालं, रोख की जमीन, आणि ती जमीन पुढे कोणाच्या नावावर राहिली, हे काढावं लागतं. पुण्यात ते काढता येतं! रोख रक्कम खर्चून संपते, इनाम कागदावर राहतं, वारसाकडे जातं, 1852 नंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढे परत तपासलं जातं. हेजाझचं सोनं टोळ्यांत विरघळलं, 1918 मध्ये तर लॉरेन्सने हुसेनच्या धाकट्या मुलाच्या, झैदच्या, हवाली केलेले हजारो पौंड काही दिवसांत संपले आणि लॉरेन्स राजीनाम्यावर आला. हिशोब मागायचा कोणाला.

वजन विकत घेण्याचा भागही पुण्यात जास्त बारकाईने दिसतो. 11 फेब्रुवारी 1818 चा साताऱ्याचा जाहीरनामा बघा, वतनं इनामं देवस्थानं चालू राहतील असं वचन. श्रावणातली पेशव्यांची दक्षिणा पण एकदम बंद केली नाही, 50,000 रुपये चालू ठेवले आणि त्यातूनच 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. हा गुप्त पैसा नव्हे, उघड आहे, पण हेतू तोच, शास्त्रीमंडळी सरकारकडे तोंड करून बसावीत. अरबस्तानात असं टिकणारं काही उभं राहिलं नाही, इब्न सौदचा तनखा 1924 च्या मार्चमध्ये थांबला आणि त्याच ऑक्टोबरात त्याची माणसं मक्केत शिरली.

आता कागदपत्रं, कारण शेवटी निर्णय यावरच होणार आहे. अरबस्तानाचे इंडिया ऑफिसचे कागद कतारच्या डिजिटल लायब्ररीवर फुकट आहेत, घरात बसून वाचा, इंग्रजी, टाइप केलेले. सहा महिन्यांत प्रबंध होतो. पण त्यात आवाज देणाऱ्याचाच, घेणाऱ्याने मनात काय हिशोब केला ते जवळजवळ नाहीच. पुण्यात रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार सरदेसाई आणि जदुनाथ सरकारांच्या संपादनात छापलेला आहे, आणि शेजारीच पेशवे दफ्तर, म्हणजे ज्याच्यावर पाळत होती त्याचेही कागद. अडचणी दोन. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली, एल्फिन्स्टनची पुस्तकं कागद त्यात गेले, वर सरकारकडे पाठवलेलं तेवढं बचावलं, फक्त बंगल्यात असलेलं गेलं. दुसरी अडचण मोडी. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडला की आधी कापडाची धूळ नाकात जाते, मग कागद उलगडतो, वरची रेघ आधी ओढून घेतलेली आणि खाली अक्षरं एकाला एक चिकटून, शब्द कुठे संपला ते कळत नाही. मला पहिलं अख्खं पत्र लागायला चार दिवस लागले होते, आणि ते निघालं चाऱ्याच्या खर्चाचं. तरी मी ते जपून उतरवून ठेवलंय, कारण जासूदाच्या उंटाघोड्याचा चारा हाही बातमीचाच खर्च.

तर माझं मत स्पष्ट सांगते. हातात एकच वर्ष आहे, मोडी येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, तर अरबस्तान घ्या, तुरबा आणि कूत धरून लिहा, चांगला प्रबंध होईल. पुढे पीएचडी करायची असेल किंवा मोडीला दोन तीन महिने द्यायची तयारी असेल तर पुणेच, आणि त्यातही अख्खी रेसिडेन्सी नको, एकच माणूस धरा. मी खुश्रूशेट घेतला असता.

भाचीने काल मोडीच्या वर्गाला नाव घातलं, शनिवार रविवारचा आहे.