तुटणारी डेटाबेस कनेक्शन्स: रीसायकल लावावं की प्री-पिंग?

पायथन, एसक्यूएलअल्केमी (पायथनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस या त्रिकुटावर ॲप चालवणाऱ्याला कधी ना कधी २००६ क्रमांकाची एरर भेटतेच: ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’. सर्व्हर कुठेही गेलेला नसतो. पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शन्सच्या साठ्यात, पडून असलेलं कनेक्शन मेलेलं असतं आणि ते पूलला ठाऊक नसतं. यावर दोन उपाय सांगितले जातात. ‘पूल_रीसायकल’मध्ये कनेक्शन ठरावीक वयाचं झालं की टाकून नवं घेतलं जातं. ‘पूल_प्री_पिंग’मध्ये कनेक्शन पूलमधून काढताना आधी त्याला हाक मारली जाते आणि त्यानं ओ दिली तरच काम सुरू होतं. मी आधी पहिला उपाय केला, नंतर दुसरा. तुम्ही आज या दोहोंत अडकला असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

माझं ॲप एका पतसंस्थेचं आहे. काउंटर संध्याकाळी सहाला बंद होतो आणि सकाळी दहाला उघडतो. मधे सोळा तास शांतता. मायएसक्यूएलचा ‘वेट_टाइमआउट’, म्हणजे रिकामं कनेक्शन किती वेळ चालवून घ्यायचं याची मर्यादा, मुळात २८,८०० सेकंदांचा, म्हणजे आठ तासांचा. त्यामुळे रात्री दोनच्या सुमारास तो सगळी रिकामी कनेक्शन्स बंद करून मोकळा व्हायचा आणि सकाळचा पहिला खातेदार समोर उभा असताना पडद्यावर एरर यायची. एकदा प्रत्यक्ष गेलो तर कॅशियर मॅडमनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली: ‘सकाळी दोनदा दाबणे’. त्या म्हणाल्या, “कधी कधी चारदा पण दाबावं लागतं हो.” ते ऐकलं आणि कोडं सुटलं. ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरचे चार वर्कर, म्हणजे ॲपच्या चार स्वतंत्र प्रती, चालू होते आणि प्रत्येकाचा पूल वेगळा. एका वर्करला एरर आली की एसक्यूएलअल्केमी त्याचा पूल झटकून नवा भरते, पण बाकी तिघांना त्याचा पत्ताच नसतो. प्रत्येकजण आपापली एरर देऊनच शहाणा होतो.

मी रीसायकल ३,६०० सेकंदांवर ठेवलं. मुळात ते उणे एक असतं, म्हणजे कनेक्शन कधीच बदलायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळ शांत झाली आणि चिठ्ठी निघाली. या उपायाची भलावण करायला मला आजही संकोच वाटत नाही. त्यात डेटाबेसकडे जादा फेरी नाही आणि मधे तुमच्या स्वतःच्या डेटाबेसखेरीज काहीच नसेल तर तो पुरतो.

पण पुढे डेटाबेस दुसऱ्या ठिकाणी हलला आणि मधे फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची रहदारी तपासणारं यंत्र, आली. आता जेवणाच्या सुट्टीनंतर एरर येऊ लागल्या, आणि क्रमांक २०१३: क्वेरी गेली, उत्तराऐवजी कनेक्शन तुटल्याचा निरोप आला. चौकशी केली तेव्हा कळलं की पंधरा मिनिटं रहदारी नसेल तर फायरवॉल कनेक्शन विसरते. मी रीसायकल ६०० केलं. काही महिन्यांनी फायरवॉलची मर्यादा पाच मिनिटांवर आली आणि ते कोणी सांगितलं नाही. सांगायचं तरी का? माझ्या कोडमधला एक आकडा त्यांच्या यंत्रावर अवलंबून आहे हे त्यांना कुठून माहीत असणार?

याच गोष्टीनं मला रीसायकलपासून दूर नेलं. आकडा माझा, पण तो बरोबर की चूक हे दुसराच ठरवणार. क्लाउडमध्येही वाटेत अशी यंत्रं असतात: ॲमेझॉनच्या नॅट गेटवेवर ही मर्यादा ३५० सेकंद, अ‍ॅझ्यूरच्या लोड बॅलन्सरवर मुळात ४ मिनिटं. जागा बदलली की गणित पुन्हा पहिल्यापासून. शिवाय रीसायकल कनेक्शनचं जन्मापासूनचं वय मोजतं, ते किती वेळ रिकामं आहे हे नाही. त्यामुळे आकडा खाली आणला की धडधाकट, कामात असलेली कनेक्शन्सही उगाच बदलली जातात. आणि डेटाबेस रीस्टार्ट झाला तर वयाचा काहीच उपयोग नाही.

प्री-पिंगमध्ये आकडाच नाही. फक्त ‘ट्रू’ लिहायचं. एक कनेक्शन मेलेलं सापडलं की त्या पूलमधली बाकीची जुनीही बाद होतात. त्यानंतर एकदा दुपारी मायएसक्यूएल रीस्टार्ट केला आणि काउंटरवर कुणाला कळलंही नाही. किंमत म्हणाल तर पूलमधून कनेक्शन काढताना दर वेळी एक फेरी. मी ती मोजलेली नाही, पण मॅडमना काही फरक जाणवला नाही. तुमचा डेटाबेस लांबच्या शहरात असेल तर हे माझ्यापेक्षा जपून ठरवा.

एक खाचखळगा मात्र सांगायलाच हवा. फायरवॉल ‘हे कनेक्शन संपलं’ असं कळवत असेल तर पिंग लगेच परत येतं. पण काही फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतात. मग पिंग वाट बघत बसतं, आणि लिनक्सच्या मूळ सेटिंगवर ते साधारण पंधरा मिनिटं चालू शकतं. अशा वेळी रीसायकल सरस, कारण ते काही विचारत नाही, सरळ टाकून देतं. यावर उपाय म्हणजे कीपअलाइव्ह: कनेक्शन रिकामं असताना मधूनमधून रिकामी पॅकेटं पाठवत राहणं. त्यासाठी मी सर्व्हरवर ‘टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम’ ७,२०० वरून १२० सेकंदांवर आणलं. पायमायएसक्यूएल, म्हणजे पायथनचा मायएसक्यूएल ड्रायव्हर, सॉकेटवर कीपअलाइव्ह चालू ठेवतंच, त्यामुळे फायरवॉलला कनेक्शन जागं दिसतं. मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर आवृत्ती १२ पासून ‘टीसीपी_यूझर_टाइमआउट’ (उत्तराची वाट किती वेळ बघायची ते ठरवणारं सेटिंग) मिळतो, तो लावा. कीपअलाइव्ह लावलं म्हणून प्री-पिंग काढू नका. ती रिकामी पॅकेटं मायएसक्यूएलपर्यंत पोचत नाहीत, त्याचा आठ तासांचा हिशेब चालूच राहतो.

ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हायला हव्या अशा कामांच्या, मध्येच कनेक्शन तुटलं तर दोन्ही उपाय कामाचे नाहीत. तिथे काम पहिल्यापासून पुन्हा करण्याची सोय तुमच्या कोडमध्येच हवी. जँगो ही पायथनची वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांपुढे रीसायकल की प्री-पिंग हाच प्रश्न ‘कॉन_मॅक्स_एज’ आणि ४.१ पासून आलेल्या ‘कॉन_हेल्थ_चेक्स’च्या रूपात येतो.

माझ्याकडे आज दोन्ही चालू आहेत. रीसायकल पुन्हा ३,६०० वर आहे आणि फायरवॉलची मर्यादा आता किती आहे हे मी विचारलेलंही नाही.