१/४८ बीव्हर: बांधून आठ महिने आणि एक पावसाळा उलटल्यावर

हे प्रत्यक्षाच्या १/४८ आकाराचं, जोडून बनवायचं मॉडेल. विमान आहे डी हॅविलँड कॅनडाचं डीएचसी-२ बीव्हर, अमेरिकन लष्कराच्या यू-६ए रूपात (१९६२पर्यंत याचंच नाव एल-२० होतं). किट जुन्या साच्याचं, इंजेक्शन प्लास्टिकचं. पूर्ण झाल्यावर पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेतीस सेंटीमीटर आणि लांबी एकोणीस. मॉडेल तयार होऊन आठ महिने झाले, त्यातले चार मुंबईच्या पावसाळ्यातले. घ्यावं का? जरूर घ्यावं. मात्र अर्धा वेळ काचांसाठी आणि पंखांच्या स्ट्रटसाठी (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्यांसाठी) राखून ठेवा, कारण हे मॉडेल बिघडतं ते तिथेच.

बीव्हरचं पहिलं उड्डाण १६ ऑगस्ट १९४७ रोजी टोरोंटोजवळ डाउन्सव्ह्यूला झालं. जंगलात उतरणाऱ्या वैमानिकांना विचारून ते आखलं होतं, म्हणून दारं इतकी रुंद की तेलाचं पिंप सरळ आत लोटता यावं. मॉडेलसाठी याचा अर्थ असा की केबिन मोठी, खिडक्या भरपूर, छतालाही काचा. आत केलेलं आणि न केलेलं, दोन्ही बाहेरून दिसतं. सीटबेल्ट मास्किंग टेपच्या दीड मिलिमीटर पट्ट्यांचे केले तरी चालतात, पण करा. इंजिनात ऑइल भरायचं तोंड या विमानात चक्क कॉकपिटमध्ये आहे. त्याचं पिवळं झाकण रंगवलं की जाणकाराची नजर तिथेच जाते.

इंजिन प्रॅट अँड व्हिटनी आर-९८५, नऊ सिलिंडरचं, ४५० हॉर्सपॉवर. आधी पूर्ण मॅट काळा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त फिन्सच्या (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांच्या) कडांवर अॅल्युमिनियम. जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची एकेक बारीक तार काढून प्रत्येक सिलिंडरला पुढून एक अशा नऊ इग्निशन वायर लावल्या की काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) तोंड भरल्यासारखं दिसतं. मागच्या बाजूच्या नऊ दिसत नाहीत, त्या सोडून द्या.

आता काचा. इन्स्टंट ग्लू इथे अजिबात नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि फ्यूजलाज (विमानाचं धड) बंद झाल्यावर ती पुसता येत नाही. पांढरा फेविकॉल सोपा, पारदर्शक सुकणारा, पण तो पाण्याचा गोंद. जुलैच्या दमट हवेत तो मऊ पडतो. बाजूची एक खिडकी हलक्या बोटाने आत गेली, आणि आत गेलेली खिडकी काढायला छताची काच उचकावी लागते. म्हणून छोट्या खिडक्यांना मागून कडेकडेने दोन घटकांचा पारदर्शक इपॉक्सी टूथपिकच्या टोकाने लावावा. पुढची काच मात्र फेविकॉलनेच नीट बसवावी आणि सुकल्यावर सांधा पुट्टीने नाही, फेविकॉलनेच भरून ओल्या ब्रशने सारखा करावा. पुट्टी घासायला गेलं की काचेवर चरे येतात. मास्किंगसाठी टेप काचेवर दाबून नव्या ब्लेडने फ्रेमच्या कडेने कापा, आणि बाहेरच्या ऑलिव्ह रंगाच्या आधी काळ्याचा एक कोट द्या. आतून पाहताना फ्रेम काळी दिसते, तेच बरोबर. टेप रंगकामानंतर लगेच काढा. दोन आठवडे राहिली तर चिकट थर मागे राहतो.

पंख रंगवल्यानंतरच जोडा. मुळाशी अर्धा मिलिमीटर फट राहते, तिथे पाव मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी चिकटवून घासली की पुरतं. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीची पुस्तकं ठेवून, मधे मोजून, रात्रभर तसंच राहू द्या. स्ट्रट नुसत्या गोंदावर सोडू नका, दोन्ही टोकांत ०.४ मिलिमीटरची पितळी पिन घाला. इन्स्टंट ग्लूचा सांधा ओढ सहन करतो, आडवा धक्का नाही. धूळ पुसताना पिन नसलेला स्ट्रट सहज सुटतो, पिन असलेला हलत नाही. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या आतल्या झडपा) खाली दाखवणार असाल तर दोन्ही एलेरॉनही (त्याच कडेच्या बाहेरच्या झडपा) थोडे खाली वळवा. बीव्हरमध्ये ते फ्लॅपबरोबर उतरतात.

रंग: व्हिएतनाम काळातलं मॅट ऑलिव्ह ड्रॅब, अमेरिकन सरकारी रंगयादीत (एफएस) क्रमांक ३४०८७. टामिया कंपनीचा एक्सएफ-६२ (ऑलिव्ह ड्रॅब) बाटलीतून सरळ मारला तर या आकारावर फार गडद दिसतो. त्यात दहा टक्के एक्सएफ-६० (गडद पिवळा) मिसळून वरच्या पृष्ठभागावर दुसरा पातळ कोट द्या, तो पॅनेलच्या मधे जास्त, कडांना कमी. एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा, दाब १५ ते १८ पीएसआय, रंग एक भाग आणि लॅकर थिनर दीड ते दोन. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग धुरकट पांढरा पडतो. दिवस कोरडा निवडा, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घाला. एवढं करूनही पांढरं झालं तर घासू नका, नुसत्या लेव्हलिंग थिनरचा (सावकाश सुकणाऱ्या लॅकर थिनरचा) हलका फवारा मारा. थर पुन्हा सैल होतो आणि रंग परत येतो.

डेकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) जुने, पिवळट. झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चार-पाच दिवस उन्हात चिकटवले की बरेच उजळतात. आधी नको असलेला एक तुकडा पाण्यात टाकून बघा. तो तुटत असेल तर सगळ्या शीटवर ग्लॉस क्लिअर मारून, सुकवून मग कापा. लावण्याआधी मॉडेलवर ग्लॉसचा कोट हवाच. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकल चंदेरी दिसतात.

वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) बर्न्ट अंबर आणि काळ्या ऑइल कलरचा, व्हाइट स्पिरिटमध्ये. एक चूक मात्र वारंवार दिसते: इंधनाचे ओघळ पंखांवर काढले जातात. बीव्हरच्या मुख्य टाक्या पोटात आहेत आणि भरायची तोंडं फ्यूजलाजच्या डाव्या बाजूच्या झाकणामागे. ओघळ तिथे हवेत, खाली पोटाकडे जाणारे.

शेल्फवर मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूची (किटचे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या काडीची) अँटेना दोनदा तुटली. लवचिक धाग्याची अजून ताठ आहे. मॅट पृष्ठभागावरच्या धुळीला ऑगस्टमध्ये बुरशी धरते. अॅक्रिलिकच्या डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेल ठेवल्यापासून ती आलेली नाही. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून तेच परत वापरता येतात.